मागच्या खोलीची तारीख

२३, वीव्हर्स रो, हिदरशॉ
१६ सप्टेंबर २००७

प्रिय सटक्लिफबाई,

मे महिन्यात किल्ल्या घेताना वकिलाच्या कचेरीत आपण पाच मिनिटं बोललो, तेवढीच आपली ओळख. तरी लिहिते आहे, कारण या घराबद्दल तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? तुमचा मोरकॅमचा पत्ता वकिलानंच दिला.

आधी चांगलं सांगते. "बॉयलर रुसला तर डाव्या अंगाला हलकी थाप मारा," ही तुमची चिठ्ठी अजून कपाटाच्या दारावर आहे. थाप मारते, चालतो. शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांना जेवू घालून आले की मागच्या खोलीत पाय वर करून बसते. शेहेचाळीस वर्षांची झाले, पण कागदावर माझं एकटीचं नाव असलेलं हे पहिलंच घर.

आता अडचण. मूल्यांकन कचेरीचं पत्र आलंय. आपल्या ओळीतली सगळी घरं घरपट्टीच्या बी गटात, तुमचंही होतं. ते म्हणतात, मागची खोली त्यांच्या नोंदीत नाही, म्हणजे १९९३ च्या एप्रिलमध्ये गट ठरले त्यानंतर ती बांधलेली. जुना मालक राहतो तोवर गट हलवत नाहीत, घर विकलं गेलं की वाढवतात. म्हणून मी सी गटात. माझ्या पगाराला ते जड आहेच, पण अख्ख्या ओळीत माझ्याच एका दारावर का, हे डोक्यातून जात नाही. हरकत घ्यायला सहा महिने आहेत. खोली त्या एप्रिलच्या आधीची निघाली तर त्यांचा मुद्दा उरत नाही.

शेजारच्या अर्नेस्ट बेअरस्टोंना विचारलं. "खोली ना? आहे की ती," म्हणाले आणि वेल छाटत राहिले.

तुम्ही दोन ओळी लिहून द्याल का, खोली कोणत्या साली बांधली एवढंच?

आपली,
जॅनिस हेग

—

मोरकॅम
२५ सप्टेंबर २००७

मिसेस हेग यांस,

पत्र मिळालं. घर आवडलं हे वाचून बरं वाटलं.

मागची खोली माझे पती वॉल्टर यांनी निवृत्त झाल्यावर बांधली. पंच्याण्णव किंवा शहाण्णव साल असेल. माझं शिवणयंत्र ठेवायला. म्हणजे कचेरीचं म्हणणं बरोबर आहे आणि तुम्ही हरकत घेण्यात अर्थ नाही. शिवाय एका घराची चौकशी सुरू झाली की ते सगळी ओळ पाहतात. अर्नेस्टच्या मागच्या दाराला काचेचा आडोसा आहे. तुमच्यापायी त्याचा गट वाढला तर बरं दिसणार नाही.

बॉयलरला नवीन पंप बसवून घ्या.

विनिफ्रेड सटक्लिफ

—

वीव्हर्स रो
१४ ऑक्टोबर २००७

प्रिय सटक्लिफबाई,

तुमचं उत्तर वाचून मी गप्प बसणार होते. पण शनिवारी त्या खोलीची खिडकी अडकली म्हणून सुताराला बोलावलं. त्यानं चौकट उघडली आणि म्हणाला, "ही तर डेन्टनच्या हातची. हा बघा शिक्का." हा डेन्टन ब्याण्णवच्या नाताळात वारला, असं तोच म्हणाला. त्याच्याच हाताखाली तो शिकला, त्यामुळे चुकायचा नाही.

मग मी नगरपालिकेत गेले. तिथल्या मुलीनं १९८५ पासूनच्या वह्या काढल्या. तुमच्या घराला परवानगी मागितल्याची नोंदच नाही.

आता मी काय समजायचं? खोली तुम्ही सांगता त्याच्या निदान तीन वर्षं आधीची आहे, आणि बिनपरवाना आहे. ते विकताना कुणी बोललं नाही. आता परवानगीचा प्रश्न निघू नये म्हणून तुम्ही मला चुकीचं साल सांगताय, आणि भुर्दंड माझ्यावर. आणि शिवणयंत्रासाठी म्हणता, तर दार एवढं रुंद कशाला? भिंतीला आधाराची दांडी कशाला?

मला भांडायचं नाही. पण मला कुणी वेड्यात काढलेलं चालत नाही. लग्नात एकोणीस वर्षं ते पुष्कळ झालं.

जॅनिस हेग

—

मोरकॅम
१८ नोव्हेंबर २००७

मिसेस हेग यांस,

मी कुणालाही फसवलेलं नाही. तुम्ही घर दोनदा पाहिलंत, ती खोलीही पाहिलीत, दारही पाहिलंत.

यापुढे काही विचारायचं असेल तर वकिलामार्फत विचारा.

वि. सटक्लिफ

—

वीव्हर्स रो
२५ नोव्हेंबर २००७

प्रिय सटक्लिफबाई,

हे पत्र घरपट्टीबद्दल नाही. फाडून टाकलंत तरी माझी तक्रार नाही.

मंगळवारी कचऱ्याचे डबे बाहेर काढताना बेअरस्टोंनी मला थांबवलं. तुमच्या भाचीचा, पॉलीनचा, त्यांना फोन आला होता म्हणे.

"विनीला काय लिहिलंत तुम्ही?" ते म्हणाले. "जेवत नाहीये ती."

"खोलीचं साल विचारलं. त्यांनी खोटं सांगितलं."

"ती पोराची खोली होती," ते म्हणाले. "ह्यापुढे माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. तो तिचा विषय आहे." आणि डबा तिथेच सोडून आत गेले.

मी खोलीत येऊन उभी राहिले. माझी आई शेवटची दोन वर्षं चाकाच्या खुर्चीत होती, सटक्लिफबाई. रुंद दार आणि दांडी कशासाठी असते हे मला कुणी सांगायला नको होतं. मी ते रोज बघत होते आणि त्यात मला फक्त परवाना दिसला.

मला माफ करा. मी काही विचारत नाही.

जॅनिस

—

मोरकॅम
९ डिसेंबर २००७

प्रिय जॅनिस,

तुला अगं-तुगं करते, रागावू नकोस. मी ब्याऐंशी वर्षांची आहे आणि जे लिहायचंय ते "तुम्ही" म्हणून मला लिहिता येणार नाही.

मुलाचं नाव कीथ. एकच मुलगा. चित्रकलेत हात चांगला, म्हणून लंडनला नकाशे काढायच्या कचेरीत लागला. वर्षातून दोनदा यायचा. त्याच्याबरोबर रेमंड नावाचा एक माणूस राहायचा. त्याचा मित्र म्हणून मी नाताळला त्यालाही मोजे पाठवायची. मला कळत नव्हतं असं नाही. मी विचारलं नाही, एवढंच. एक्क्याण्णव साली रेमंड गेला. ब्याण्णवच्या मार्चमध्ये कीथ घरी आला तेव्हा टॅक्सीवाल्यानं त्याला हाताला धरून दारापर्यंत आणलं. अंगावर मांस राहिलं नव्हतं. एड्स.

आता लोक तो शब्द उच्चारतात. तेव्हा हिदरशॉमध्ये कुणी उच्चारत नव्हतं. आमच्या चॅपलमध्ये एका बाईनं प्रसादाच्या द्राक्षरसाचा पेला अशा रोग्यांसाठी वेगळा ठेवा म्हणून सुचवलं होतं, तेही वर्तमानपत्रातल्या कुणा परक्या माणसाबद्दल वाचून.

त्या घराचा जिना तुला माहीतच आहे. कीथला चढवेना. वॉल्टर रंगाच्या कारखान्यात रात्रपाळीचा मुकादम होता, त्यानं आयुष्यात भिंत बांधली नव्हती. पण पाडलेल्या गिरणीच्या विटा आणल्या आणि पाच आठवड्यांत खोली उभी केली. फक्त खिडकी डेन्टनकडून करून घेतली. परवानगी मागितली असती तर समोरच्या दिव्याच्या खांबाला नोटीस लागली असती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारलं असतं, खोली कशाला? म्हणून मागितली नाही. विचारलंच तर सांगायचं, शिवणयंत्राला.

कीथ त्या खोलीत एप्रिलपासून राहिला. नर्स मागच्या बोळानं यायची. औषध मी लीड्सहून आणायची, दर गुरुवारी, कारण गावातल्या औषधवाल्याची बायको माझ्या शेजारी बसून भजनं म्हणायची. ११ ऑक्टोबरला तो गेला. टेकडीपलीकडचे अंत्यविधीवाले बोलावले. लोकांना सांगितलं, लंडनला गेला, न्युमोनियानं. आणि लंडनला गेला म्हटल्यावर इथे त्याची खोली असून चालेना. म्हणून खोली नंतरची झाली. वॉल्टर निवृत्त झाल्यावरची. हे इतक्यांदा सांगितलं की तुझं पत्र आलं तेव्हा हात आपोआप पंच्याण्णव लिहून मोकळा झाला.

एक राहिलं. वॉल्टरनं खोली बांधली, पण कीथ होता ते सहा महिने त्यानं त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. ताट आणायचा, दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचा, जायचा. ते मी त्याला कधी माफ केलं नाही. नंतर नऊ वर्षं त्याचा स्वयंपाक केला, कपड्यांना इस्त्री केली, पण गोड शब्द एक बोलले नाही. मरताना त्यानं हात पुढे केला होता. मी त्याची उशी सारखी केली.

हे मी पॉलीनलाही सांगितलेलं नाही. तू त्या खोलीत बसतेस म्हणून तुला सांगितलं.

विनिफ्रेड

—

वीव्हर्स रो
१६ डिसेंबर २००७

प्रिय विनिफ्रेड,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि ठेवून दिलं. कुणाला दाखवणार नाही.

हरकत मागे घेते आहे. सी गट तर सी गट. शनिवारी एका चहाच्या दुकानात काम मिळतंय, भागेल. सुनावणीत काय ते उघड्यावर बोलावं लागतं, स्थानिक पेपरवालाही कधी येऊन बसतो म्हणे. घरपट्टीपायी तुमचं आयुष्य तिथे मांडावं असं काहीही माझ्याकडे नाही.

खोलीत मी आता पाय वर करून बसत नाही. नीट बसते. वेडेपणा आहे, पण तसं होतं खरं.

तुमची,
जॅनिस

—

मोरकॅम
२० जानेवारी २००८

प्रिय जॅनिस,

हरकत मागे घेतली असशील तर पुन्हा नोंदव. मुदत मार्चपर्यंत आहे, पॉलीननं फोन करून विचारलं.

नाताळात मी पॉलीनला सगळं सांगितलं. ती रडली, मग रागावली. म्हणाली, "मावशी, कीथ मला सायकल शिकवायचा. मी त्याच्या अंत्यविधीला आले असते." अंत्यविधीला आम्ही दोघं आणि पाद्री एवढेच होतो.

सोबत माझं लेखी निवेदन आहे. वकिलासमोर सही केली आहे. त्यात लिहिलंय की खोली मार्च-एप्रिल १९९२ मध्ये माझे पती वॉल्टर सटक्लिफ यांनी बांधली, आमचा मुलगा कीथ आजारी होता म्हणून, मी त्याची एकटीनं शुश्रूषा केली, आणि तो ११ ऑक्टोबरला तिथे वारला. आजाराचं नाव लिहिलंय. वकील म्हणाले, त्याची गरज नाही. मी म्हटलं, असू दे.

पंधरा वर्षं मी त्या पोराला लंडनला मारलं. तो घरी मेला, त्याच्या आईच्या हातावर. हे कुठल्यातरी सरकारी कागदावर असलेलं बरं.

कंबरेमुळे मला प्रवास होणार नाही. तू वाच, मोठ्यानं वाच.

तुझी,
विनिफ्रेड

—

वीव्हर्स रो
१३ एप्रिल २००८

प्रिय विनिफ्रेड,

मंगळवारी सुनावणी झाली आणि काल निकाल आला. आपण जिंकलो. घर बी गटातच राहणार. हे आधी सांगून टाकते, कारण खरं सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि ते कसं सांगावं हे मला चार दिवस कळत नाहीये.

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर तीन जण बसले होते. मधल्या बाई अध्यक्ष. कचेरीतर्फे एक तरुण माणूस, फाइल घेऊन. पेपरवाला नव्हता. मी तुमचं निवेदन वाचलं. मोठ्यानं वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत. कचेरीचा माणूस उठला आणि अदबीनंच म्हणाला, "बाईंचं दुःख मी समजू शकतो. पण निवेदन घर विकणाऱ्या व्यक्तीचं आहे, आणि याच व्यक्तीनं आधी पत्रात पंच्याण्णव साल सांगितलं होतं." ते पत्र मीच ऑक्टोबरात हरकतीच्या अर्जाबरोबर जोडलं होतं, तुम्ही चुकीचं साल सांगताय हे दाखवायला, विनिफ्रेड. माझीच चूक.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकली. अर्नेस्ट. मी त्यांना बोलावलं नव्हतं. रविवारी घालतात तो कोट घालून आले होते.

"मी चोवीस नंबरात राहतो," ते म्हणाले. "खोली ब्याण्णवची आहे. मी सांगतो."

"बांधताना पाहिलंत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"भिंतीवरून अर्ध्या विटा मीच सुट्टीच्या दिवशी दिल्या. पण हे म्हणतील, म्हाताऱ्याच्या लक्षात साल राहत नाही. म्हणून दुसरं सांगतो. माझी गिरणी ब्याण्णवच्या ऑगस्टात बंद पडली. नोकरी सुटल्याचं पत्र आणलंय, हे घ्या. त्याआधी मी दिवसा कधी घरी नसायचो. त्यानंतर घरीच. माझ्या जिन्याच्या खिडकीतून ती खोली दिसते. दर गुरुवारी विनी लीड्सची बस पकडायची, आणि ती वळली की वॉल्टर त्या खोलीत जायचा."

विनिफ्रेड, मी त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते आहे.

"बाही वर सारायचा आणि पोराची दाढी करायचा. पाण्याचं भांडं खिडकीत. पोरगं डोकं मागं टाकून बसायचं. वॉल्टरचा हात जड होता, कारखान्यात सगळे त्याला भ्यायचे, पण तो असा फिरवायचा की... मी असं कुणाला करताना पाहिलं नाही. झालं की दोघं बसायचे. कधी बोलायचे, कधी नाही. एकदा वॉल्टरनं कपाळ त्याच्या कपाळाला टेकवलं होतं. मी जिन्यावरून खाली निघून आलो. असे सहा-सात गुरुवार. ऑक्टोबरात पडदा लागला."

कचेरीचा माणूस खाली बसला. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, दहा मिनिटं थांबू या.

बाहेर आल्यावर मी अर्नेस्टना म्हटलं, "पंधरा वर्षं तुम्ही हे त्यांना सांगितलं नाहीत?"

"वॉल्टरनं एकदा मला पाहिलं होतं," ते म्हणाले. "खिडकीतून मान हलवली. नको, अशी. मग कसं सांगायचं? तो गेल्यावर वाटलं, तिला ठाऊकच असेल. आज तू ते वाचलंस, 'एकटीनं शुश्रूषा केली,' तेव्हा कळलं की तिला ठाऊक नाही." मग म्हणाले, "तिला म्हणावं, आम्हाला सगळं माहीत होतं. सगळ्या ओळीला. तिला नको असेल म्हणून कुणी तोंड उघडलं नाही."

त्यांच्या काचेच्या आडोशाबद्दल कचेरीनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी ते आले असते.

हे तुम्हाला कळवावं की नाही, याचा खूप विचार केला. पण ते तुमचं आहे, माझं नाही. चुकले असेन तर सांगा.

तुमची,
जॅनिस

—

मोरकॅम
४ मे २००८

प्रिय जॅनिस,

तू चुकली नाहीस.

तीन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण बसले की पहिल्या ओळीपुढे जाता येत नव्हतं. घर बी गटात राहिलं हे बरं झालं. चहाच्या दुकानातलं काम सोड आता.

गुरुवारी मी लीड्सहून यायची तेव्हा कीथचा चेहरा स्वच्छ असायचा. साबणाचा वास यायचा. मला वाटायचं, नर्स करते. एकदा मी तिचे आभार मानले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ठीक आहे, मिसेस सटक्लिफ." त्या दोघांनी तिलाही सांगून ठेवलं असणार. म्हणजे त्या घरात मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

पण मी तुला एक अर्धवट सांगितलं होतं. आता पुरं सांगते, कारण नाहीतर वॉल्टरबद्दल तू विचार करत राहशील की त्यानं लपवलं का.

कीथ आला त्या रात्री वॉल्टर स्वयंपाकघरात उभा होता. घाबरला होता तो, आता मला कळतं. पण तेव्हा तो म्हणाला, "त्यानं स्वतःच ओढवून घेतलंय हे." कीथ पलीकडेच होता, त्यानं ऐकलं. मी वॉल्टरला म्हटलं, "माझ्या जिवात जीव आहे तोवर तू त्याच्या खोलीत पाऊल टाकायचं नाहीस. खाली खोली बांधायची म्हणतोस तर बांध, पण आत यायचं नाही." असं म्हटलं मी. तो दुसऱ्या दिवशी विटा आणायला गेला.

त्यानं माझ्यासमोर ते शेवटपर्यंत पाळलं. ताट बाहेर ठेवलं. आणि मी, ज्या बाईनं दार बंद केलं ती, नऊ वर्षं त्याला विचारत राहिले, मनात, की तू आत का आला नाहीस? आपण काय बोललो होतो ते मी विसरले होते. खरंच विसरले होते, जॅनिस. तुला ते पत्र लिहिताना मला ते आठवत नव्हतं. अर्नेस्टनं वॉल्टरची मान हललेली सांगितली, तेव्हा आठवलं.

त्यानं मला कधी आठवण करून दिली नाही. एकदा जरी म्हणाला असता, "विनी, तूच म्हणाली होतीस."

येत्या शनिवारी पॉलीन मला गाडीनं आणते आहे. आधी कबरस्तानात जाऊ, वॉल्टरकडे. तिथे मला काय बोलायचंय ते माझं मी बघेन. घरात मी येईन की नाही सांगता येत नाही, तू आग्रह करू नकोस. पण अर्नेस्टला सांग, दुपारी घरी थांब म्हणावं. मला त्याच्या जिन्यावर बसायचंय, आणि त्याला आठवत असतील तेवढे सगळे गुरुवार ऐकायचेत. एकेक करून. घाई न करता.

तुझी,
विनी